पाऊस शिंपडला की तारा का चरचरतात? ओल्या हवेत वीज नेमकी कुठून उडी मारते, समजून घ्या

रोहिणी सरून मृग लागला, पहिला शिडकावा पडला, की गावोगावी एकच अनुभव येतो. खांबावरून चर्र-चर्र आवाज येतो. अंधारात निळसर ठिणगी दिसते. मग एकदम ‘फट्’ होते आणि लाईट जाते. थंडीत धुके पडले की पहाटेही असेच होते. अशा वेळी हमखास ऐकू येते, ‘हवा ओली झाली, आता हवेतून करंट उतरतो.’

हे बोलणे अर्धेच खरे आहे. ओल्या दिवसांत विजेचा धोका वाढतो, यात शंका नाही. पण तो हवेतून कमी आणि ओल्या, मळक्या पृष्ठभागावरून जास्त येतो. नुसती दमट हवा तर कोरड्या हवेपेक्षा विजेला किंचित जास्तच अडवते. हा फरक शेतात काम करणाऱ्याला माहीत असायला हवा. धोका कुठे आहे हेच चुकीचे ठाऊक असेल, तर माणूस तारेकडे बघत राहतो आणि हात मात्र ओल्या बांबूला किंवा स्टार्टरच्या पेटीला लागतो.

हवा वीज अडवते, पण किती?

तारेवर रबर किंवा प्लास्टिक नसते. खांबावरच्या उघड्या तारांना हवाच वेगळे ठेवते. हवा वीज अडवते, पण तिलाही मर्यादा आहे. समुद्रसपाटीला, कोरड्या हवेत, दोन गुळगुळीत सपाट धातूंच्या मध्ये एक सेंटिमीटर अंतर असेल तर ते तोडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात.

ही मर्यादा ओलांडली की काय होते? हवेत नेहमीच काही सुटे इलेक्ट्रॉन फिरत असतात. आकाशातून येणारे वैश्विक किरण आणि जमिनीतला थोडासा किरणोत्सर्ग ते तयार करत राहतात. व्होल्टेजचा ताण वाढला की असा इलेक्ट्रॉन वेग घेतो आणि हवेच्या कणाला इतक्या जोरात धडकतो की त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. असे २७ वेळा दुप्पट झाले की आकडा १३ कोटींच्या पुढे जातो. ही सगळी वाढ डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी पूर्ण होते. जॉन टाउनसेंड या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वाढ मांडली.

संख्या दहा कोटींच्या घरात गेली की खेळ बदलतो. आता या इलेक्ट्रॉनच्या थव्याचाच स्वतःचा ताण एवढा होतो की तो पुढची हवा आपणच फोडत जातो. याला ‘स्ट्रीमर’ म्हणतात. तो प्रकाशाचा बारीक धागा असतो, पण अजून थंड असतो. सेकंदाला शेकडो किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने तो पुढे सरकतो. राएथर, लोएब आणि मीक या शास्त्रज्ञांनी १९४० च्या सुमारास याची मांडणी केली.

असे बरेच धागे एका मुळाशी एकत्र आले की तिथली हवा तापते आणि काही हजार अंशांची वाट तयार होते. तिला ‘लीडर’ म्हणतात. हा दुसऱ्या टोकाला पोचला की पूर्ण प्रवाह वाहू लागतो. आपल्याला दिसतो तो लखलखाट हाच.

टोकदार वस्तूजवळ हवा लवकर हरते

३० हजारांचा आकडा सपाट धातूंसाठी आहे. टोकदार वस्तूजवळ सगळा ताण टोकावर गोळा होतो. तिथे स्ट्रीमर एकदा सुटला की पुढे सरकायला त्याला दर सेंटिमीटरला साधारण ५ हजार व्होल्टच पुरतात. म्हणून तारेचे तुटलेले टोक, फांदीचा शेंडा, पाइपाचे तोंड किंवा माणसाचे वर केलेले बोट यांच्याजवळ हवा लवकर तुटते.

या हिशेबाने नेहमीच्या व्होल्टेजला वीज हवेतून साधारण किती उडी मारेल, ते पाहा. ११ केव्ही लाईनवर सुमारे दोन सेंटिमीटर. ३३ केव्हीवर पाच-सहा सेंटिमीटर. २२० केव्हीच्या टॉवर लाईनवर फूटभराहून थोडे जास्त आणि ४०० केव्हीवर दोन फुटांच्या वर. घरातले २३० किंवा मोटारीचे ४१५ व्होल्ट केसाएवढ्या फटीपलीकडे उडी मारू शकत नाहीत.

हे आकडे पाहून कुणी ‘मग ११ केव्हीला हातभर अंतरावर काय होतंय’ असे समजू नये. तार वाऱ्याने झुलते, हात हलतो, पाइप कलतो. लांब कुठे आकाशातली वीज पडली तरी तिचा झटका तारेवरून धावत येतो आणि क्षणभर व्होल्टेज कित्येक पट होते. ११ केव्हीच्या साहित्याची चाचणी ७५ हजार व्होल्टच्या क्षणिक झटक्यासाठी घेतली जाते, ती याचमुळे.

ओलावा हवेला काय करतो?

ओलावा तीन प्रकारे काम करतो आणि तिन्हींचे परिणाम वेगवेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे वाफ. ती डोळ्याला दिसत नाही. पाण्याच्या वाफेचे कण सुटे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. पकडलेला इलेक्ट्रॉन जड होतो, त्याला वेग येत नाही आणि पुढची दुप्पट थांबते. म्हणून दमट हवेचे अंतर तोडायला थोडे जास्तच व्होल्टेज लागते. उच्च दाबाच्या प्रयोगशाळांत चाचणी घेताना हवेतला ओलावा मोजतात आणि एका घनमीटरमध्ये ११ ग्रॅम वाफ हे प्रमाण धरून निकाल दुरुस्त करतात.

दुसरा प्रकार म्हणजे थेंब. तारेच्या खालच्या बाजूला पावसाचे किंवा धुक्याचे थेंब लोंबतात. जास्त व्होल्टेजच्या ताणाने थेंब खाली ओढला जातो आणि त्याला टोक येते. त्या टोकावर हवा थोडीशी फुटते, पण पलीकडे पोचत नाही. याला इंजिनिअर लोक ‘कोरोना’ म्हणतात. आजाराशी त्याचा संबंध नाही. २२० किंवा ४०० केव्हीच्या मोठ्या टॉवर लाईनखालून पावसात जाताना जो गुणगुणता, तळल्यासारखा आवाज येतो, तो बहुतांशी याचाच. त्यात थोडी वीज वाया जाते, पण लाईन तुटत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पृष्ठभागावरची ओल. गावातल्या ११ आणि ३३ केव्हीच्या खांबावरून चरचर येते, ती मुख्यतः यामुळे. लाईट घालवणारा हाच.

चिमणीवर काय घडते?

खांबावर तार ज्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या छत्रीसारख्या भांड्यावर बसवलेली असते, त्या इन्सुलेटरला वायरमन मंडळी ‘चिमणी’ म्हणतात. तार आणि लोखंडी आडवा अँगल यांना वेगळे ठेवणे हे तिचे काम.

उन्हाळाभर चिमणीवर धूळ बसते. रस्त्यालगत फुफाटा, वीटभट्टीजवळ राख, साखर कारखान्याच्या बाजूला काजळी, कोकणपट्टीत समुद्रावरून येणारे मीठ आणि सगळीकडे पक्ष्यांची विष्ठा. कोरडी असेपर्यंत ही घाण फारसा त्रास देत नाही. पावसाचे पाणीही स्वतः विजेचे चांगले वाहक नाही. पण धुळीतले क्षार त्या पाण्यात विरघळले की चिमणीच्या अंगावर वीज वाहून नेणारा पातळ थर तयार होतो.

मग पुढच्या गोष्टी क्रमाने घडतात. त्या थरातून थोडा प्रवाह अँगलकडे झिरपू लागतो. प्रवाहाने थर तापतो आणि जिथे थर अरुंद, तिथे पाणी आधी सुकते. चिमणीभोवती एक कोरडा पट्टा तयार होतो. आता बाकी सगळा भाग ओला आणि वाहता, पट्टा मात्र कोरडा. म्हणून जवळजवळ सगळे व्होल्टेज त्या बोटभर पट्ट्यावर येऊन पडते. तेवढे अंतर हवेला झेपत नाही आणि ठिणगी उडते. चर्र आवाज येतो तो इथून. ठिणगीच्या शेजारचा ओला भाग सुकतो, पट्टा रुंदावतो, ठिणगी लांबते. ओल टिकून राहिली आणि घाण जास्त असली, तर ठिणगी सरकत सरकत तारेपासून अँगलपर्यंत पोचते. मोठा आवाज होतो, उपकेंद्रात फीडर ट्रिप होतो आणि दहा गावांची लाईट जाते.

म्हणूनच जोराच्या पावसापेक्षा रिमझिम, दव आणि धुके जास्त त्रासाचे. धो-धो पाऊस चिमणी धुऊन काढतो. शिडकावा घाण भिजवतो, पण धूत नाही. पहिल्या पावसात वारंवार जाणारी लाईट चार-दोन मोठ्या सरी पडल्यावर बरीच सुधारते, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण तडे. उन्हात तापलेल्या चिनीमातीवर गार पाणी पडले की जुनी चिमणी तडकते आणि त्या फटीत ओल शिरते.

पृष्ठभाग हवेपेक्षा किती कच्चा, हे चिमणीच्या मापावरूनच कळते. ११ केव्हीच्या नेहमीच्या व्होल्टेजला हवा एक-दोन सेंटिमीटरमध्ये अडवते. पण चिमणीच्या अंगावरून, तिच्या सगळ्या वळ्या धरून, तारेपासून अँगलपर्यंतची वाट कमी धुळीच्या भागात सुमारे १९ सेंटिमीटर आणि फार घाण किंवा खाऱ्या हवेच्या भागात सुमारे ३७ सेंटिमीटर ठेवण्याचे मानक वापरले जाते. चिमणीला छत्रीसारख्या वळ्या असतात त्या शोभेसाठी नाहीत. त्या वाट लांबवतात आणि वळीच्या खालची बाजू कोरडी ठेवतात.

उत्तर भारतात हिवाळ्याच्या दाट धुक्यात मोठ्या लाईनी याच कारणाने बंद पडायच्या. तिथे पॉवरग्रिडने चिमण्या धुणे आणि चिनीमातीऐवजी सिलिकॉन रबराच्या बसवणे, असे उपाय केले. सिलिकॉनवर पाण्याचा सलग थर बसत नाही, अळूच्या पानासारखे थेंब सुटे राहतात. थर जोडला गेला नाही, तर वाटही जोडली जात नाही.

शेतात याचा अर्थ काय?

जे चिमणीवर घडते तेच बांबूवर, दोरीवर, झाडावर आणि स्टार्टरच्या पाटीवर घडते. ‘लाकूड आहे, करंट लागत नाही’ ही समजूत कोरड्या लाकडापुरती आणि घरगुती व्होल्टेजपुरती ठीक आहे. पावसात भिजलेला, मातीचे हात लागलेला बांबू ११ केव्हीच्या तारेला लागला तर वीज त्याच्या अंगावरून खाली येते. आंबे उतरवायची आकडी, नारळाच्या झावळ्या ओढायची दोरी, तारेला भिडलेली बाभळीची फांदी, सगळ्यांना हेच लागू.

पाइपाचे तर गणितच सोपे आहे. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या उघड्या तारेची जमिनीपासून उंची किमान ४.६ मीटर असावी, असा केंद्रीय वीज प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे साधारण १५ फूट. तुषार संचाचा पाइप २० फुटी असतो. आतले पाणी काढायला तो उभा केला की तारेला भिडतो. पाइप प्लास्टिकचा असला तरी बाहेर चिखल आणि आत पाणी असते. ॲल्युमिनियमचा असेल तर बोलायलाच नको. ढील पडलेल्या तारेखाली धोका आणखी वाढतो.

मोटारीच्या स्टार्टरमध्ये ४१५ व्होल्ट हवेतून उडी मारत नाहीत. पण पेटी गळकी असेल, आत धूळ, मुंग्यांची माती, पालीची घाण साचली असेल, तर दमट दिवसांत दोन फेजच्या मध्ये ओली वाट तयार होते. ठिणग्यांनी ती पाटी जळून काळी रेघ उमटते. ही रेघ कोळशाची असते आणि पावसाळा संपला तरी वीज वाहते. पेटीतून जळका वास, तडतड किंवा काळी रेघ दिसली, तर पाटी बदलणे हाच उपाय. पुसून भागत नाही. पेटी लोखंडी असून अर्थिंग तुटलेले असेल तर झाकणातही करंट उतरतो. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला गेलेला माणूस ओल्या पायांनी, ओल्या हातांनी तेच झाकण धरतो. ओल्या कातडीचा अडथळा कोरड्यापेक्षा कितीतरी कमी असतो. त्यामुळे २३० व्होल्टसुद्धा जीव घ्यायला पुरतात.

आकाशातली वीजही याच पायऱ्यांनी उतरते

ढगातला ताण मोजला तर तो सेंटिमीटरला ३० हजार व्होल्टपेक्षा बराच कमी भरतो. तरी वीज सुटते, कारण ढगातले पाण्याचे थेंब आणि बर्फाचे कण ताण एका जागी गोळा करतात. एकदा लीडर तयार झाला की तो साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी, मध्ये क्षणाचा काही लाखावा भाग थांबत, खाली येतो. तो जमिनीजवळ आला की खालून झाड, खांब, मंदिराचा कळस आणि मोकळ्या रानात उभा असलेला माणूस, सगळ्यांकडून वर जाणारे लीडर सुटू लागतात. ज्याचा आधी भेटतो, त्याच्यावर वीज पडते. त्या वाटेचे तापमान सुमारे ३० हजार अंशांवर जाते. हवा एकदम फुगते, तोच गडगडाट.

म्हणून अंगावरचे केस उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो इशारा आहे. आपल्या अंगातूनच वरची वाट सुटू पाहत आहे. झाडाखाली थांबणे तर सर्वात वाईट. झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरताना शेजारच्या माणसावर उडी मारते आणि मुळाशी जमिनीतून पसरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात २,८८७ जणांचा वीज पडून मृत्यू झाला. वीज पडते तेव्हा शेतकरी आणि मजूर बहुधा उघड्या रानात असतात, त्यामुळे हा धोका सर्वात जास्त त्यांनाच.

हे करा

• ११ आणि ३३ केव्हीच्या तारेपासून स्वतः, पाइप, शिडी, ट्रॉलीवरचा ऊस, सगळे किमान १० फूट दूर ठेवा. टॉवर लाईनपासून त्याच्या दुप्पट. पाइप नेहमी आडवा न्या.
• स्टार्टरची पेटी पावसाळ्याआधी मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या. झाकणाची फट बुजवा, अर्थिंग तपासा.
• पेटीसमोर उभे राहायला कोरडी लाकडी फळी किंवा रबरी मॅट ठेवा. हात पुसून, पायात रबरी बूट घालूनच मोटार चालू करा.
• वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.
• पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर ठेवा. जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यात मिळतो.

हे करू नका

• चरचरणाऱ्या खांबाला, त्याच्या ताण-तारेला हात लावू नका. जनावर बांधू नका. कपडे वाळत घालू नका.
• डीपीवर स्वतः फ्यूज टाकायला जाऊ नका. आकडा टाकू नका.
• तुटून पडलेली तार ‘लाईट गेलीय, मेली असेल’ असे समजून उचलू नका. कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेतून प्रवाह कमी वाहतो, त्यामुळे फीडर ट्रिप होईलच असे नाही. शिवाय बंद फीडर उपकेंद्रातून पुन्हा चालू केला जातो.
• अशा तारेजवळ अडकलात तर लांब ढांगा टाकू नका. दोन पायांमध्येच व्होल्टेज येते. पाय जुळवून, जमिनीला घासत, लहान पावलांनी किमान ३० फूट बाहेर या.
• मोठ्या लाईनला चिकटलेल्या माणसाला काठीने सोडवायला जाऊ नका. आधी लाईन बंद करायला लावा. घरगुती लाईन असेल तर मेन स्विच पाडा. श्वास बंद असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि १०८ ला फोन लावा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावून मदत करता येते.

चिमणी सतत चरचरत असेल, रात्री खांबावर ठिणगी दिसत असेल किंवा तार ढिली पडली असेल, तर १९१२ वर तक्रार नोंदवा. सांगताना गावाचे नाव, फीडर किंवा डीपीचे नाव आणि खांबावर नंबर असेल तर तो सांगा. लांबूनच मोबाइलवर व्हिडिओ काढून वायरमनला दाखवला तर नेमकी कोणती चिमणी खराब आहे, हे त्याला दिवसा शोधत बसावे लागत नाही. तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि चिमणी बदलेपर्यंत त्या खांबाखालून जनावरे नेऊ नका.